तुघलकाबादला जाताय? मेट्रो स्टेशनच्या नावावर विसंबू नका

दिल्ली मेट्रोच्या व्हायोलेट लाइनवर तुघलकाबाद नावाचं स्टेशन आहे आणि तुघलकाबादचा किल्ला त्याच्या आसपासही नाही. आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलातल्या माणसाने "स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच" असं छातीठोक सांगितलं. बाहेर पडलं की समोर लागतो मथुरा रोड. किल्ला तिथून चारेक किलोमीटरवर.

स्टेशनबाहेरच्या ऑटोवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. गोंधळलेला चेहरा दिसला की अडीचशे, तीनशे. मीटरचं नाव काढलं की मान फिरवतात. आम्ही चिडून चालत निघालो, आणि मेहरौली-बदरपूर रस्त्यावरचा तो टप्पा संपूर्ण दिल्लीत सगळ्यात वाईट गेला. फुटपाथ मध्येच गायब होतो, ट्रक अंगाला घासून जातात, धुळीने घसा बसतो. ट्रेकची सवय असलेल्यांनीही हा रस्ता पायी करू नये, त्यात कमवण्यासारखं काहीच नाही. गोविंदपुरी स्टेशनला उतरा आणि ॲपवरून ऑटो बोलवा. अंतर जवळपास तेवढंच आहे, पण निदान भाडं आधी कळतं. किंवा सकाळी आधी कुतुबमिनार करा आणि तिथून बदरपूरकडे जाणारी बस धरा. ती किल्ल्यावरूनच जाते.

किल्ला मात्र जबरदस्त आहे. गियासुद्दीन तुघलकाने १३२१ मध्ये काम सुरू केलं आणि काही वर्षांतच ही राजधानी ओस पडली. खाली रुंद आणि वर निमुळती होत गेलेली तटबंदी बघताना आपले सह्याद्रीतले गड आठवतात, पण तिथं डोंगर निम्मं काम करतो, इथं सगळं काम भिंतीनेच केलंय. आत राखलेलं असं फारसं काही नाही. विलायती बाभळीचं रान माजलंय आणि तिचे काटे सँडलचा तळवा आरपार भेदतात. माझ्या सोबत्याच्या टाचेतून काढलेला काटा बोटाच्या पेराएवढा होता. जाड तळव्याचे बूट हवेतच. प्रत्येकी दोन लिटर पाणी घ्या, कारण आत सावली नाही. दाराशी माकडं असतात, हातात पिशवी दिसली की गेलीच म्हणून समजा. आतल्या भुयारी वाटेत एकट्याने शिरू नका, आणि बायकांनी तर निर्मनुष्य भागात सोबतीशिवाय जाऊच नये. एप्रिल ते जूनमध्ये जाण्यात अर्थ नाही.

दमलात तरी रस्ता ओलांडून गियासुद्दीनचा मकबरा बघितल्याशिवाय परतू नका. पूर्वी तो तळ्यात होता आणि कमानींच्या पुलाने किल्ल्याशी जोडलेला होता; आता मधून हाच रस्ता जातो. लाल दगडाच्या कललेल्या भिंती, वर संगमरवरी घुमट. १३२५ मध्ये स्वागतासाठी उभारलेला मंडप अंगावर कोसळून मेलेला सुलतान इथं पुरलाय. तिथल्या गार फरशीवर बसलो आणि सगळा शीण उतरला. माझ्या मते दिल्लीतला सगळ्यात देखणा मकबरा हाच, हुमायूनचाही नाही.

बाकीचं थोडक्यात. हुमायूनच्या मकबऱ्यात शिरल्यावर आधी उजवीकडे वळून १५४७ चा इसा खानचा अष्टकोनी मकबरा बघा, लोक तो सोडून सरळ पुढे जातात. शेजारची 'सुंदर नर्सरी' नावाची बाग पाय मोकळे करायला उत्तम. लोदी गार्डन फुकट आहे, संध्याकाळी जा. सफदरजंगचा मकबरा वेळ असेल तरच. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. तिथल्या दिवाण-ए-खासचं, म्हणजे बादशहाच्या खास दरबाराचं, चांदीचं छत सदाशिवरावभाऊंनी १७६० मध्ये फौजेच्या खर्चासाठी काढून वितळवलं. आपल्या माणसांनी तिथं मान वर करून बघावंच.

राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये खुलं असतं आणि प्रवेश मोफत आहे. नोंदणी ऑनलाइन होते. "पास मिळवून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.