थाळी झुडपात

रविवार, रात्र

आज डिस्क गोल्फची, म्हणजे प्लास्टिकची थाळी फेकत दूरच्या बास्केटमध्ये टाकायच्या खेळाची, अठरापैकी आठच होल झाली. बाकीचा वेळ झुडपात गेला.

सकाळी साडेसहालाच बागेत पोहोचलो होतो. एवढ्या लवकर जायचं कारण खेळाची ओढ नाही, लाज आहे. डिस्क गोल्फचा कोर्स सार्वजनिक बागेत असला की चालायला येणारे, कुत्री फिरवणारे, बाकावर बसणारे, सगळेच प्रेक्षक. आणि कुणी बघतंय असं वाटलं की माझा हात उगाचच जोरात फिरतो.

जोराचा उपयोग नाही हे मला कळतं. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा ओढत, फेकलेली डिस्क वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते आणि वेग ओसरला की डावीकडे झुकत उतरते. डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण, शेवटचा झुकाव. त्यातला पहिला आकडा बारा असलेला ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, मी घेतला, कारण बारा हा सातापेक्षा मोठा दिसला. तेवढा वेग ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी तो असतो. माझ्या हातातून सुटला की थोडं अंतर जातो न जातो तोच डावीकडे वळतो.

सातव्या होलला पायवाट आडवी जाते. वाट पूर्ण मोकळी होईपर्यंत फेकायचं नाही, यात तडजोड नाही. दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचं कडक प्लास्टिक कुणाच्या कपाळावर बसलं तर संपलंच. फेकायला नियमात तीस सेकंद असतात, पण ते समोरचा भाग मोकळा झाल्यावर मोजायचे. आज मोकळा व्हायचं नावच घेईना.

तेवढ्यात बाकावरच्या आजोबांनी पेपर खाली केला. “काय हो, ही फ्रिसबीच ना?”

म्हटलं, तिचीच बहीण, पण लहान आणि पातळ कडेची. कमीत कमी फेकींत त्या बास्केटमध्ये टाकायची.

“आणि साखळ्या कशाला?”

डिस्क साखळ्यांवर आदळली की तिचा वेग मरतो आणि ती खालच्या टोपलीत पडते. मग विषय निघालाच म्हणून एड हेड्रिकचं सांगितलं. साखळ्यांची बास्केट त्याचीच कल्पना. त्याआधी लोक झाडं, खांब, जे दिसेल त्यावर नेम धरत. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली त्याने पहिला रीतसर कोर्स आखला. तीही सार्वजनिक बागच, म्हणजे हे बघ्यांचं दुखणं जन्मापासूनचं. २००२ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या.

आजोबा क्षणभर गप्प. मग म्हणाले, “म्हणजे गेल्यावरही झुडपात अडकायची सोय करून ठेवली म्हणा की!”

मी हसलो. वाट मोकळी झाली होती. आजोबा बघत होते. खरं तर तेव्हा पिशवीतून मिडरेंज, म्हणजे मधल्या अंतराची डिस्क, काढायला हवी होती, ते अंतर तिचंच होतं. मी बारा नंबर काढला.

“काका, तुमची थाळी काट्यात गेली!” पायवाटेवरून सायकल हातात धरून चाललेला एक पोरगा ओरडला. नको तेवढ्या आनंदाने.

पाऊण तास शोधलं. निळी डिस्क घेतली हीसुद्धा चूकच, सावलीत ती दिसतच नाही. गुलाबी घ्यायला मला तेव्हा संकोच वाटला होता. मागच्या बाजूला नाव आणि फोन नंबर लिहायचाही रोज राहून जातो. शेवटी सापडली ती मुळाशी, उभी रुतलेली. कोपरावर दोन ओरखडे.

सातवं होल सहा फेकींत संपलं. आठव्याची बास्केट वळसा घालून पुन्हा त्याच बाकाच्या मागे येते. ड्रायव्हर काढायची हिंमतच उरली नव्हती, म्हणून टीवरूनच, म्हणजे पहिल्या फेकीच्या जागेवरूनच, पुटर फेकला, जो खरं तर बास्केटजवळच्या फेकीसाठी असतो. हळू, जेमतेम अर्ध्या ताकदीने. काय सरळ गेला! झाडांच्या मधून, जराही न डगमगता, बास्केटपासून पाचेक पावलांवर उतरला. तिथून पुट, म्हणजे शेवटची जवळची फेक, मारला आणि साखळ्या खणखणल्या. दोन फेकींत होल. पार, म्हणजे अपेक्षित फेकी, तीन होता.

मी बाकाकडे पाहिलं. आजोबा पेपरात बुडाले होते.

टोपलीतून डिस्क काढताना मी साखळ्या पुन्हा एकदा हलवल्या, जरा जोरातच.