बेसची खरखर आणि सोलापूरचा उन्हाळा : एप्रिल ते जून

६ एप्रिल

माझ्या बेस गिटारच्या ई-तारेवर, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर, पहिल्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरची, गिटारच्या मानेवरची, धातूची आडवी पट्टी) खरखर सुरू झालीय. ए-तारेवरही आहे, पण थोडी कमी. सातव्या फ्रेटच्या पुढे चारही तारा स्वच्छ वाटतात. हाच बेस गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, इतका सुरेख वाजत होता की मी तासन्‌तास खाली ठेवत नव्हतो. मधल्या काळात तारा बदललेल्या नाहीत, बेस कुठे पडलेला नाही.

माहितीसाठी : चार तारांचा (जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी) पी-टाइप, म्हणजे प्रिसिजन बेसच्या धर्तीचा बेस, ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), २० फ्रेट, बोल्ट केलेली नेक, तारांची जाडी इंचाच्या ४५ ते १०५ हजारांश.

आज सॅडल, म्हणजे बुडाशी ज्यांच्यावर तारा टेकतात ते तुकडे, वर केले. १.५ मिमीच्या ॲलन कीने ई आणि ए दोन्ही चांगले उचलले. सतराव्या फ्रेटवर ई-तारेची उंची ३.४ मिमी झाली. खरखर थोडी दबली, गेली नाही. आणि डावा हात वीस मिनिटांत दुखायला लागला.

९ एप्रिल

पुण्यातल्या एका दुकानात फोन केला. पलीकडच्या माणसाने बेस न बघताच सांगितलं, फ्रेट लेव्हलिंग करावं लागेल, घेऊन या. म्हणजे फ्रेटची धातू घासून सगळे एका पातळीत आणायचे. घासलेली धातू परत येत नाही. अडीचशे किलोमीटर जाऊन ते करून घेण्याआधी दुखणं नेमकं कुठे आहे ते मला शोधायचं होतं.

म्हणून वहीत तक्ता काढला. आडवे २० रकाने, उभे चार, प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार सारख्याच जोराने छेडायची आणि खरखर असेल तिथे फुली मारायची. ॲम्पमधून एकदा आणि ॲम्पशिवाय एकदा. हे दोन्ही करा, कारण बेसच्या जाड तारेचा धातूचा थोडा आवाज ॲम्पशिवाय येतोच, आणि स्पीकरमधून ऐकू येत नसेल तर त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही. ऐंशी नोंदी करायला अर्धा तास लागला. पूर्ण झालेल्या तक्त्याकडे बघितल्यावर जे दिसलं ते मी तीन दिवस नुसत्या कानाने पकडू शकलो नव्हतो : फुल्यांचा सगळा पुंजका नटजवळच्या (नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) पाच फ्रेटांत. त्याशिवाय एकच एकटी फुली, डी-तारेवर नवव्या फ्रेटला.

नटची खाच खोल गेली असती तर मोकळी तार खरखरली असती आणि बोट ठेवल्यावर आवाज थांबला असता. ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, फार खाली असती तर फुल्या बाराव्याच्या पुढे पडल्या असत्या. सुरुवातीच्या फ्रेटांवरच गर्दी असेल तर संशय नेकच्या बाकावर, म्हणजे रिलीफवर घ्यायचा.

हे मी जेवताना सांगत होतो. वडिलांची उभी हयात चादरीच्या मागावर गेली. ते म्हणाले, “उन्हाळ्यात कारखान्यात फरशीवर पाणी मारतोय का नाही आपण? हवा सुकली की सूत बी तुटतंय. तुझं तर लाकूड हाय.”

मी ताटावरून उठून बेसकडे गेलो. गेले तीन आठवडे तो वरच्या खोलीत, पत्र्याखालच्या भिंतीला टेकून उभा होता.

१० एप्रिल

फीलर गेज अशोक चौकाजवळच्या गॅरेजमधून आणलं. मामा टॅपेट सेट करताना वापरतात तेच, ०.०५ ते १ मिमी जाडीची पोलादी पानं. मामा म्हणाले, “गाडी कुठाय बे?” गिटारच्या तारेखालची फट मोजायचीय म्हटल्यावर त्यांनी पानं आधी स्वच्छ पुसून दिली आणि वाकवू नको म्हणून बजावलं.

मोजायची रीत : तारा पूर्ण सुरात लावलेल्या हव्यात. बेस वाजवताना धरतो तसाच मांडीवर, टेबलावर आडवा नाही, कारण नेकचं वजनही फरक पाडतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), उजव्या हाताने ई-तार शेवटच्या फ्रेटवर दाबायची. आता ती तार म्हणजे सरळ पट्टी झाली. आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेचा खालचा भाग यांच्यातली फट म्हणजे रिलीफ. या प्रकारच्या बेसला ०.३ मिमीच्या आसपास हवी.

माझ्याकडे ०.०५ चं पान शिरेना. तार आठव्या फ्रेटला टेकलेली. नेक सरळ, कदाचित किंचित मागे गेलेली.

मोकळी ई-तार सेकंदाला साधारण ४१ वेळा हलते आणि ती जाडजूड तार मधोमध सगळ्यात रुंद झुलते. त्या झुलण्याला जागा म्हणून नेकला किंचित पुढे बाक लागतो. चार तारा मिळून नेकला सुमारे ८० किलोच्या जोराने पुढे ओढतात, आणि आतला ट्रस रॉड, म्हणजे पोलादी दांडा, तिला मागे धरतो. हिवाळ्यात हे दोन्ही जोर जुळलेले होते. लाकूड सुकलं आणि रॉडची बाजू वरचढ झाली. माझ्या नेकचं हे असं आहे. प्रत्येक लाकूड आपल्या स्वभावाने वागतं, म्हणून आधी मोजा.

हेडस्टॉककडून, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाकडून, ट्रस रॉडमध्ये ५ मिमीची ॲलन की पूर्ण आत बसवली. अर्धवट बसली तर आतले कोपरे झिजतात, आणि ते झालं की मोठं दुखणं. घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा. परत सुरात लावलं. फट ०.१५.

तिथेच थांबलो. लाकडाला बसायला वेळ लागतो.

११ एप्रिल

सकाळी न हात लावता ०.२०. आणखी एक अष्टमांश फेरा, परत सूर. संध्याकाळी ०.३० चं पान किंचित घासत गेलं, ०.३५ चं अडलं.

मग ई-तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे जी हा सूर, छेडला. पूर्ण, गोल, शेवटपर्यंत विरत जाणारा आवाज. इतक्या दिवसांनी तो ऐकून डोळ्यांत पाणी आलं.

आता सॅडल खाली. हा क्रम उलटा करू नका, रिलीफ हलला की ॲक्शन आपोआप हलते. सतराव्या फ्रेटवर ई २.४, ए २.३, डी २.१, जी २.० मिमी. चारही सॅडलचे दोन्ही स्क्रू सारखे ठेवून फ्रेटबोर्डच्या गोलाईप्रमाणे उतरत आणले.

१३ एप्रिल

ती एकटी फुली. डी-तार नवव्यावर खरखरते, दहाव्यावर स्वच्छ. म्हणजे दहावा फ्रेट उंच आहे : बोट नवव्यावर असलं की तार पुढच्याच फ्रेटला घासते. एटीएम कार्डाची लांब कड नऊ-दहा-अकरावर उभी धरली. ई आणि ए-तारेखाली घट्ट बसली, डी-तारेखाली टकटक डुलली.

नखाने दाबलं तर दहावा फ्रेट जी-तारेकडच्या टोकाला हलत होता. खाच सुकून त्याची पकड सुटली होती. दोन्ही बाजूंनी फ्रेटबोर्डवर मास्किंग टेप लावली, टोकाला पातळ सुपर ग्लूचा एकच थेंब सोडला, लाकडी ठोकळा ठेवून क्लॅम्पने अर्धा तास दाबून धरलं. कार्ड डुलायचं थांबलं. कानस लावावी लागली नाही. लेव्हलिंग केलं असतं तर हा सैल फ्रेट तसाच घासला गेला असता आणि पावसाळ्यात पुन्हा वेगळ्याच उंचीवर बसला असता.

१४ एप्रिल

इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटांवरही सूर बरोबर लागतो का ते बघणं. ॲक्शन उंच होती तेव्हा ई-तार बाराव्या फ्रेटवर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेल्या सुरापेक्षा) ९ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढत होती, कारण दाबताना तार जास्त ताणली जाते. उतरवल्यावर चढ ३ सेंटवर आला. सॅडल जरा मागे घेतलं, जुळलं. बाकी तिन्ही दहा मिनिटांत.

बेस आता खालच्या खोलीत, केसमध्ये. सोबत पाणी भरलेल्या स्पंजची भोकं पाडलेली साबणाची डबी, लाकडाला स्पंज लागणार नाही अशी.

२१ जून

पाऊस पडून दहा दिवस झाले. रिलीफ मोजला : ०.४५. मधल्या फ्रेटांवर तारा उंच लागत होत्याच. स्पंज काढून टाकला, घड्याळाच्या दिशेने अष्टमांश फेरा, रात्रभर थांबलो. आज सकाळी ०.३२. दहावा फ्रेट जागेवर आहे. नवा तक्ता भरला, ऐंशीपैकी एकही फुली नाही. फ्रेटची टोकं एप्रिलमध्ये तळहाताला टोचत होती, तीही आता लागत नाहीत. ती घासायची की नाही, हे पुढच्या मार्चमध्ये हात फिरवून बघेन.