एक मिलिमीटर

गाडीच्या कागदावर इंजिन २.८ लिटर लिहिलं होतं आणि मी ते खरं धरून चाललो. इतकी वर्षं इंजिनं उघडतोय, तरी.

गाडी फोक्सवॅगनची तिसऱ्या पिढीची गोल्फ, सहा सिलिंडरच्या व्हीआर६ इंजिनाची. मालकाची तक्रार अशी, की सकाळी पहिल्यांदा चालू केली की चार-पाच सेकंद खडखड होते आणि मग थांबते. महिनाभरापासून ओढ कमी झाली होती, मागून निळसर धूर यायला लागला होता. आधी कोणीतरी ‘बेअरिंग गेलंय, इंजिनच बदला’ असं सांगून त्याची झोप उडवली होती.

मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. खडखड बेअरिंगची नव्हती. ती गिअरबॉक्सच्या बाजूने येत होती, आणि या इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारी साखळी, तिथेच असते, फ्लायव्हील या जड चाकाच्या टोकाला. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, चालताना पिळवटत असतो. फ्लायव्हीलच्या वजनामुळे त्या टोकाला ही थरथर सगळ्यात कमी, म्हणून चेन तिकडे ठेवणं शहाणपणाचं. फक्त चेनला हात लावायचा तर आधी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. हा शहाणपणा आम्हाला कंबरेने फेडावा लागतो.

काँप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं. सहाही सिलिंडर कमी, तिसरा तर बाकीच्यांच्या निम्म्यावर. सगळे सारखे कमी म्हणजे चेन दात चुकलीये. तिसरा वेगळा, म्हणजे तिथे व्हॉल्व्ह पिस्टनला लागला असणार. गिअरबॉक्सही उतरवायचा आणि हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकणही.

माझ्याकडे एक पोरगा आठवड्यापूर्वीच कामाला लागला होता. बराच वेळ तो बॉनेटखाली वाकून काहीतरी शोधत होता.

“काका, व्ही-सिक्स म्हणताय ना? मग दुसरं हेड कुठंय?”

प्रश्न चांगला होता. नेहमीच्या व्ही-६ मध्ये दोन रांगांत ६० किंवा ९० अंशांचा कोन असतो, म्हणून दोन हेड, दोन गॅस्केट आणि भरपूर रुंदी. सरळ ओळीतलं सहा सिलिंडरचं इंजिन अरुंद, पण लांबलचक. चार सिलिंडरसाठी आखलेल्या छोट्या गाडीत, तेही आडवं, यातलं एकही सहजासहजी मावत नाही. फोक्सवॅगनने कोन १५ अंशांवर आणला. सिलिंडर एकमेकांत नागमोडी सरकवले, इतके जवळ की दोन्ही रांगांवर एकच हेड बसलं. व्हीआर६ मधला ‘आर’ राइहेनमोटर या जर्मन शब्दाचा, म्हणजे ओळीतलं इंजिन. १९९१ मध्ये ते पसाट आणि कोराडोत आलं. अरुंद कोनाची कल्पना जुनीच, लॅन्चियाने १९२२ मध्ये दाखवलेल्या लॅम्बडात असंच व्ही-४ होतं. सहा सिलिंडरला ती जमवून कारखान्यातून ढिगाने काढणं हे मात्र मोठं काम, असं मी मानतो.

हेड उचललं तेव्हा पोरगा पुन्हा थबकला. पिस्टनचे माथे तिरके होते. सिलिंडर दोन्हीकडे कललेले आणि वरचं हेड सपाट, त्यामुळे तो तिरकेपणा पिस्टननेच भरून काढायचा. आत डोकावून त्याने क्रँककडे बोट दाखवलं. जोडीतल्या दोन क्रँकपिनांमध्ये, म्हणजे पिस्टनचे दांडे जिथे क्रँकला जोडतात तिथे, २२ अंशांचा फरक आहे, हे मी त्याला सांगून ठेवलं होतं.

“कोन पंधराचा, मग फरक बावीसचा का?”

रांगांच्या मध्यरेषा क्रँकच्या मध्यात मिळत नाहीत, त्या त्याच्या खाली जाऊन छेदतात. तो हिशोब धरून पिना सरकवल्या की दर १२० अंशांना एक ठिणगी बरोबर पडते. ठिणग्यांचा क्रम १-५-३-६-२-४. त्यातून येणाऱ्या गुरगुरीसाठी लोक ही गाडी सांभाळतात.

चेनला वाट दाखवणारं खालचं गाइड तुटलेलं निघालं, तुकडे तळच्या तेलाच्या भांड्यात. तिसऱ्याचा एक व्हॉल्व्ह वाकलेला. इथवर सगळं अंदाजाप्रमाणे.

निळ्या धुरासाठी पिस्टनच्या रिंगा बदलायच्या होत्या. मालकाने कागद पाहून ८१ मिलिमीटरचा संच आधीच आणून दिला होता. पोरग्याला सवय व्हावी म्हणून बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मोजायचं गेज त्याच्या हातात दिलं.

“काका, गेज बिघडलंय. काटा कुठल्या कुठे जातोय.”

मी घेतलं. काटा खरंच पार पलीकडे. मायक्रोमीटरवर गेज पुन्हा सेट केलं, पुन्हा तेच. सहाही सिलिंडर तपासले. प्रत्येक ८२ आणि वर किंचित झीज. कोणी बोअर वाढवलं असेल म्हणावं, तर पिस्टन जुने, कारखान्यातलेच वाटत होते. मग ब्लॉकवरचं ग्रीस पुसलं आणि अक्षरं वाचली. २.८ च्या इंजिनावर एएए असतं. इथे एबीव्ही होतं.

म्हणजे हे २.९. कोराडोत आणि गोल्फच्या चारही चाकं ओढणाऱ्या सिंक्रोत येणारं. ही गाडी तर पुढची चाकं ओढणारी. कधीतरी कोणीतरी इंजिन बदललं होतं आणि कागद तसेच राहिले होते. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, दोन्हींचा सारखाच, ९०.३ मिलिमीटर. पोरग्याला कागदावर गुणाकार करायला लावला. ८१ ने २७९२ सीसी येतात, ८२ ने २८६१. बोअरमधल्या एका मिलिमीटरने ६९ सीसी वाढतात, आणि आणलेल्या रिंगा निकामी होतात.

आधी इंजिन नंबर बघायचा, हे मीच सगळ्यांना सांगत असतो. पोरग्याने ते बोलून दाखवलं नाही, पण हसू दाबलं.

या घराण्यात गोंधळ व्हायला जागाही भरपूर. पुढे २४ व्हॉल्व्हचं आलं. आपल्या १२ व्हॉल्व्हच्यात व्हॉल्व्ह उघडणारा प्रत्येक कॅमशाफ्ट आपापली रांग सांभाळतो, त्यात मात्र एकाकडे सगळे इनटेक आणि दुसऱ्याकडे सगळे एक्झॉस्ट. मग आर३२ चं ३.२ लिटर आणि शेवटी ३.६, ज्याचा कोन आणखी आवळून १०.६ अंश केला. मध्येच एक सिलिंडर कमी करून व्ही-५. मर्सिडीजच्या एका व्हॅनमध्येही २.८ बसलं होतं. नुसत्या नावावरून सुटे भाग मागवणाऱ्याचं काही खरं नाही.

मालकाला फोन केला. तो क्षणभर गप्प.

“म्हणजे मी घेतली त्यापेक्षा मोठी निघाली?”

“इंजिन मोठं, हो. आता कागद दुरुस्त करून घ्या. आणि रिंगा ८२ च्या लागतील.”

ठेवतो म्हणाला तेव्हा आवाजात आनंद जास्त होता. मी वळून पाहिलं, तर पोरग्याने ८१ चा खोका फडताळात ठेवला होता आणि खडूने ब्लॉकवर मोठ्या अक्षरात ‘८२’ लिहीत होता.