आमची वाटचाल: पारिजातकाच्या फ्रेम आणि परत आलेल्या तीनशे बाटल्या

लोकांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, आमचं पारिजातकाखाली पहिला सडा पडला की. पाऊस मागे सरलेला असतो, पहाटे गवतावर दव, दुपारी ऑक्टोबर हीटचा चटका, आणि रात्री सातवीण फुलली की निम्मे लोक डोकं धरून बसतात, निम्मे मुद्दाम खिडक्या उघडतात. शरद म्हटलं की सगळ्यांना चांदणं आठवतं, मला विचाराल तर हा वासाचा सीझन आहे. यंदा आमच्या घरगुती परफ्यूमच्या कामाला बारा वर्षं झाली, मुलगी म्हणाली आई लिही ना काहीतरी, वाटचाल वगैरे, म्हणून लिहितेय.

सुरुवातीचं फार काही नाही. वाफेवर अर्क काढायचं तांब्याचं एक छोटं भांडं आणि स्वयंपाकघराचा ओटा. खस म्हणजे वाळा घातला की दिवसभर आच सांभाळत बसायचं, मुळातलं तेल सुटायलाच वेळ घेतं. पहिल्या शरदात त्याच भांड्यात पारिजातक घातला आणि काय निघालं, तर उकडलेल्या पाल्याचा वास! नाजूक फुलांना वाफ सोसत नाही हे वाचलेलं होतंच की, पण स्वतःच्या दोन टोपल्या फुलं वाया गेल्याशिवाय कोणाला पटतं?

मग फ्रेम आल्या. फुलांचा वास गार चरबीत उतरवायचा, एन्फ्लुराज म्हणतात त्याला, फ्रान्समध्ये ग्रास नावाच्या गावी फुलांसाठी जुन्या काळी हेच करायचे, तिथे डुकराची आणि गुरांची चरबी असायची, आम्ही शुद्ध खोबरेल आणि शीया बटर घेतो. नुसतं खोबरेल चालत नाही, ते 24-25 अंशांनाच पाघळतं, ऑक्टोबरच्या दुपारी फुलं त्यात पोहायला लागतील. फोटोफ्रेमसारखी लाकडी चौकट, मधे काच, काचेवर चरबीचा पातळ थर, त्यावर सुरीने जाळीसारख्या रेघा मारायच्या म्हणजे जास्त जागा मिळते. फुलं ठेवायची पालथी, पाकळ्या खाली, केशरी देठ वर. गंमत म्हणजे झाडाखाली सुद्धा बरीचशी तशीच पडलेली असतात. पण दवाने ओली फुलं थेट ठेवलीत तर तीन दिवसांत बुरशी, त्यामुळे आधी मलमलीवर पसरून पाणी टिपून घ्यायचं, आणि तेही पटापट, कारण ऊन चढलं की वास गेलाच समजा. दुसऱ्या पहाटे कालची फुलं चिमट्याने एकेक उचलायची, नवी ठेवायची. असं पंचवीस-तीस दिवस. मग ती चरबी, आम्ही पोमेड म्हणतो, अल्कोहोलने धुवायची, ते अल्कोहोल डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं म्हणजे त्यात उतरलेली चरबी गोठून वेगळी होते, आणि थंड असतानाच गाळून घ्यायचं. हे गाळणं लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच आमचं दुकान उठता उठता राहिलंय.

आता बाईंबद्दल. बाई म्हणजे रिटायर्ड वनस्पतीशास्त्राच्या शिक्षिका, आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. पहिल्या वर्षी घेतलेली बाटली त्यांनी टाकलेली नाही, दर शरदात तीच रिकामी बाटली घेऊन येतात, लेबल पुसून पुसून आता नुसता कागद उरलाय, म्हणतात "भरून दे गं." दुसऱ्या वर्षापासून त्यांच्या अंगणातल्या झाडाची फुलं पहाटे स्वतः वेचून पाठवायला लागल्या. त्यांचं नाक म्हणजे काय सांगू, एका वर्षी ओल्या मातीसारखा वास देणारा नागरमोथा जरासा जास्त पडला होता, बाईंनी ब्लॉटर, म्हणजे वास बघायची कागदी पट्टी, हुंगला आणि म्हणाल्या, "यंदा अंगण अजून वाळलं नाही वाटतं तुझं." मी वहीत पाहिलं, खरंच जास्त होता.

पाचवं वर्ष. आमच्याकडे पॅकिंगला एक मुलगा होता. हुशार, गोड बोलणारा, आम्हाला ताई-भाऊजी करायचा, फ्रेम सुद्धा लावायला शिकला. उन्हाळ्यात सोडून गेला, म्हटलं जाऊ दे, पोरं जातातच. सप्टेंबरमध्ये त्याचा स्वतःचा पारिजात परफ्यूम बाजारात! आमच्या लेबलवरची ओळ जशीच्या तशी, वर "शंभर टक्के नैसर्गिक, बारा तास टिकतो." ह्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, फक्त फुलापानांतून केलेला पारिजात बारा तास टिकत नाही. आमचा दोन-अडीच तासांनी मऊ होतो, मग खाली कस्तुरी भेंडी आणि खस राहतात, तेही कातडीजवळ. पण गिऱ्हाईक आम्हालाच विचारायला लागलं की तुमचा का टिकत नाही, पाणी घालता का! ते "पाणी घालता का" अजून कानात आहे माझ्या.

त्याची बाटली विकत घेऊन लॅबला दिली. आत कुठली रसायनं आहेत ते दाखवणाऱ्या जीसी रिपोर्टमध्ये गॅलॅक्सोलाइड निघालं, म्हणजे कस्तुरीसारखा वास देणारं बनवलेलं रसायन, कुठल्या झाडाच्या पानात की मुळात ते नसतं. आता माझं कृत्रिम वासांशी वैर नाही, 1882 साली फुजेर रॉयाल नावाच्या फ्रेंच परफ्यूममध्ये कारखान्यात बनवलेलं कुमारिन हे वासाचं रसायन वापरलं तिथून बहुतेक आधुनिक परफ्युमरी कृत्रिम वासांवरच उभी आहे, घाला ना, पण मग लेबलवर तसं लिहा. तो रिपोर्ट मी कोणाला दाखवला नाही. दाखवायला हवा होता का? आजही ठरत नाही.

पण खरी चूक आमची. त्याचा माल सगळ्या दुकानांत पोचायच्या आधी आपला पोचवायचा म्हणून मी घाई केली. पोमेड धुतलं, आणि फ्रीझरचे दिवस वगळले. डोळ्याला स्वच्छच दिसत होतं हो! तीनशे बाटल्या भरल्या, पाठवल्या, सगळ्या खपल्या, आम्ही दोघं खुश. ऑक्टोबरची गरमी होती तोवर काही नाही. मग रात्री गार व्हायला लागल्या आणि बाटल्यांमध्ये पांढरे पुंजके तरंगायला लागले. स्प्रे तुंबले. कोणाच्या साडीवर तेलकट डाग, कोणी लिहिलं बुरशी आलीय. बाई स्वतः आल्या, बाटली खिडकीसमोर धरली, म्हणाल्या, "सायीसारखं काय तरंगतंय गं हे? गाळलं नाहीस ना?" मला रडूच आलं. त्यांनी पैसे परत घेतले नाहीत, बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या गाळ आणि दे, मी थांबते.

बाकीच्यांना थोडंच थांबायचं होतं! बहुतेक सगळ्या बाटल्या परत आल्या. आम्ही दोघं आणि मुलगी, तेव्हा ती नववीत होती, जेवायच्या टेबलावर बसून एकेक बाटली उघडून मोठ्या बरणीत ओततोय, बरणी फ्रीझरमध्ये, मग गाळणं, असं तीन आठवडे. घरात श्वास घेतला तरी पारिजातक. त्या वर्षी दुकानदारांनी पुढच्या ऑर्डरी रद्द केल्या, तांब्याचं भांडं सुद्धा विकायला काढलं होतं, गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून राहिलं.

सहावं ते अकरावं वर्ष बरं गेलं.

नवीन मुली कधी कधी विचारायला येतात, काही विचारत नाहीत तरी सांगते. थेंब मोजू नका, वजन करा, 0.01 ग्रॅमचा काटा घ्या, खसाचा थेंब आणि दवण्याचा थेंब सारखा नसतो. रबराचा ड्रॉपर तेलाच्या बाटलीत ठेवून जाऊ नका, रबर फुगतं आणि तेलाला टायरचा वास येतो. ब्लॉटरवर तारीख-वेळ लिहा, नाहीतर संध्याकाळी पाच कागद आणि एक गोंधळ. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असंही समजू नका, साधं बर्गमॉटचं, म्हणजे लिंबाच्या जातीच्या एका फळाच्या सालीचं, तेल लावून उन्हात गेलात तर कातडी भाजते, ते भाजवणारं द्रव्य म्हणजे बर्गॅप्टेन, ते काढलेलं तेल मिळतं ते घ्या. आणि पॅकिंगच्या मुलाला फॉर्म्युल्याची वही दाखवू नका. हे शेवटचं माझ्या रागातून आलंय, पण राहू दे.

त्याचं परफ्यूम अजून मिळतं. लेबल तेच आहे. लग्नात कोणाच्या अंगाला तो वास आला की मी लगेच ओळखते आणि आमचे हे म्हणतात, पुरे आता. नाही पुरे.

यंदाच्या फ्रेम धुऊन उन्हात वाळवल्यात, एका काचेला कोपऱ्यात चीर गेलीय, ती बदलायचीय. बाईंचे गुडघे आता वाकत नाहीत, शेजारची नात फुलं वेचते आणि त्या मोजतात. आज पहाटे सव्वासहाला त्यांचा मेसेज: "अकरा. लवकर आहे अजून. बाटली धुऊन ठेवलीय."