बदलत्या वस्तीत घर घेताना

शिवडी, लालबाग, परळ आणि वडाळा या पट्ट्यात घर शोधणाऱ्याला ‘हा एरिया आता डेव्हलप होतोय’ हे वाक्य प्रत्येक एजंटकडून ऐकावे लागते. गेले काही महिने आम्ही दोघे याच भागात वन बीएचके पाहत आहोत, आणि त्यातून माझे मत असे झाले आहे की, राहण्यासाठी घर घेणाऱ्याने पैसे आज उभ्या असलेल्या गोष्टींचेच मोजावेत. उद्या जे येणार आहे ते आले तर वरकमाई समजावे. अडचण अशी की, बिल्डर त्या उद्याचे पैसे आजच्या दरात धरूनच सांगतो, त्यामुळे उशीर झाला तर त्याचा फटका केवळ घेणाऱ्याला बसतो.

या भागाचा इतिहासच त्याला साक्ष आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एकतृतीयांशाच्या आसपास वाटा मोकळ्या जागांसाठी आणि तितकाच म्हाडासाठी ठेवण्याची तरतूद होती. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीतील फक्त रिकाम्या जमिनीपुरती आणली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. त्यामुळे टॉवर उभे राहिले, पण मैदाने आणि रुंद रस्ते त्या प्रमाणात आले नाहीत. संपाला चाळीस वर्षे उलटून गेली तरी या वस्तीचा कायापालट पूर्ण झालेला नाही, तेव्हा ‘पाच वर्षांत बघा’ हे आश्वासन मी हिशेबात धरत नाही.

दळणवळणाच्या बाबतीतही तेच. वडाळ्यातल्या एका साइट ऑफिसात भिंतीवरच्या नकाशावर मोनोरेलचे स्टेशन ठळक रंगात दाखवले होते. चेंबूर ते वडाळा हा तिचा पहिला टप्पा 2014 मध्ये आणि पुढचा, संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा, 2019 मध्ये सुरू झाला. सप्टेंबर 2025 मध्ये मात्र दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी ही सेवा थांबवण्यात आली. अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खरोखरच सुरू झाला, आणि शिवडीचा भाव सांगताना त्याचे नाव हमखास निघते. परंतु त्यावर दुचाकी आणि रिक्षांना मनाई आहे, चारचाकीला टोल आहे, आणि ज्याला रोज सकाळी हार्बरची गाडी पकडून सीएसएमटीला जायचे आहे त्याला सेतूचा उपयोग खिडकीतून पाहण्यापुरताच. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी प्रभादेवीचा जुना पूल सप्टेंबर 2025 मध्ये बंद झाला, तेव्हा परळहून पलीकडे जाणाऱ्यांना वळसे घालावे लागले. काम झाल्यावर सोय होईल हे खरे आहे, पण धूळ, बॅरिकेड आणि वळसे यांचा काळ काढायचा तो तिथे राहणाऱ्यानेच.

कागदपत्रांत मी सर्वाधिक वेळ घालवला तो पुनर्विकासाच्या प्रकल्पांवर, कारण या पट्ट्यातली बहुतेक नवी घरे कुठल्या तरी चाळीच्या किंवा झोपडपट्टीच्या जागी उभी आहेत. एकाच भूखंडावर जुन्या रहिवाशांची रिहॅब इमारत आणि विक्रीची सेल इमारत असते. सॅम्पल फ्लॅट पाहण्याआधी रिहॅबमध्ये माणसे राहायला आली आहेत का, हे पाहावे. लालबागच्या एका प्रकल्पात सेल इमारतीची लॉबी संगमरवरी होती, पण रिहॅबचा सांगाडा सातव्या मजल्यावर अडकला होता. फाटकापाशी भेटलेल्या एका काकांनी सांगितले, ‘‘बिल्डरकडून मिळणारं भाडं आठ महिने आलेलं नाही, आम्ही कोर्टात गेलोय.’’ त्यांचा दावा उद्या माझ्या ताब्याच्या तारखेलाही अडवू शकतो, हे तिथल्या विक्री प्रतिनिधीने सांगितले नसते. बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेरा या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मूळ आणि वाढवलेली मुदत, तसेच बिल्डरने जाहीर केलेले खटले पाहता येतात. दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी करार नोंदवणे बिल्डरवर बंधनकारक आहे, तरीही ‘बुकिंग आत्ता करा, करार नंतर’ असे सुचवणारे आम्हाला भेटलेच. त्यांच्याकडे आम्ही पुन्हा गेलो नाही.

पावसाळ्यात एकदा तरी जाऊन यावे. हिंदमाता परिसरात पाणी साठवण्यासाठी महापालिकेने भूमिगत टाक्या बांधल्यापासून फरक पडला आहे, असे तिथले दुकानदार सांगतात. पण मुसळधार पाऊस आणि भरती एकदम आली की कोणत्या गल्लीत घोट्यापर्यंत आणि कोणत्या गल्लीत गुडघ्यापर्यंत पाणी येते, हे त्यांनाच नेमके ठाऊक असते. एका किराणा दुकानदाराने तर फडताळाच्या लाकडावरची पाण्याची रेघ बोटाने दाखवली, आणि तिच्या खालच्या कप्प्यात फक्त तेलाचे डबे आणि प्लास्टिकच्या बादल्या ठेवल्या होत्या.

वस्ती कोणत्या दिशेने बदलते आहे, हे मला टॉवरच्या संख्येपेक्षा दुकानांवरून अधिक कळते. लालबागच्या मिरची गल्लीत उन्हाळ्यात मसाला कुटायचे डंख दिवसभर चालू असतात, मिरचीच्या खाटाने रस्त्यावर चालणाऱ्यालाही ठसका लागतो, आणि गणपतीच्या दहा दिवसांत तर स्वतःच्या दारापर्यंत पोचणेही कठीण होते. ज्यांना हे खपणार नाही त्यांनी इथे घर घेऊ नये. चाळ गेली म्हणजे गणपतीही जाईल, असे समजून पैसे गुंतवणारे पाहिले की मला आश्चर्य वाटते. आम्हाला ही गजबज हवी आहे. उलट, ज्या गल्लीत पोळीभाजी केंद्र, शिंपी आणि पिठाची गिरणी जाऊन केवळ इस्टेट एजंटांच्या पाट्या उरल्या आहेत, तिथे पायाखालची रोजची सोय संपलेली असते आणि नवी अजून आलेली नसते.

बजेटच्या बाबतीत आमच्यात थोडी ओढाताण आहे. हिचे म्हणणे असे की, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत दर कमी पडतो. ते बरोबर आहे, पण ताबा मिळेपर्यंत हप्ता आणि सध्याचे भाडे दोन्ही भरावे लागतात, आणि मुदत दोन वर्षे पुढे गेली तर ती बचत भाड्यातच निघून जाते. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी, पार्किंग आणि टॉवरचा मेंटेनन्स असतोच. जिम आणि जलतरण तलाव न वापरणाऱ्यालाही त्यांचा खर्च दरमहा उचलावा लागतो.

सध्या यादीत दोन घरे उरली आहेत. एक शिवडीच्या पश्चिमेला, बांधकाम चालू असलेल्या टॉवरमध्ये. दुसरे परळच्या एका आतल्या गल्लीत, काही वर्षे जुन्या इमारतीत, जिला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे आणि जिचे कन्व्हेयन्सही, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करणेही, झाले आहे. दुसरे घर लहान आहे, त्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची वाळत घातलेली धुणी दिसतात आणि दर चौरस फुटाला थोडा जास्तच पडतो. माझा कल तिकडे आहे. हिने अजून होकार दिलेला नाही, आणि टोकन देण्यापूर्वी सोसायटीचे मागील तीन वर्षांचे ताळेबंद आम्ही सेक्रेटरींकडे मागितले आहेत.