नागपूरचा मे परवडला, जून नको

मे लागला की पुण्यामुंबईची मित्रमंडळी हमखास विचारते, "काय, जिवंत आहेस ना?" 30 मे 2024 ला तर 56 डिग्रीचा आकडा इतका फिरला की विचारू नका, मग हवामान खात्यानेच सांगितलं की सेन्सरची गडबड होती, पण तोवर सगळे ग्रुप फॉरवर्ड करून मोकळे. खरा रेकॉर्ड 47.9 चा, 23 मे 2013 चा, अन् तोही काही कमी नाही बाप्पा.

पण खरं सांगू का, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, 45 असलं तरी आमचं निभतं. डोक्याला दुपट्टा, निघायच्या आधी पन्हं, दुपारी रस्ते सामसूम. बाकी सगळी भिस्त कूलरवर. मागच्या वर्षीची खस क्षारांनी पापडासारखी कडक झालेली असते, ती उपटून नवीन लावायची, टाकी कुठे गळते ते बघून एमसील थापायचं, पंप सुरू करायचा अन् मग तो पहिला ओला वास, वा! इथली हवा इतकी कोरडी की खसमधलं पाणी झपाट्याने उडतं अन् उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा. पाहुणे लोक एसी समजून सगळं बंद करतात अन् मग म्हणतात गार होत नाही.

खरी परीक्षा जूनमधे. मान्सून आमच्याकडे पोचता पोचता 15 जून उजाडतो, त्याआधी रोज ढग येऊन राहतात पण पाणी काही येत नाही. डिग्री 38 वर उतरलेली असते पण हवाच ओली, मग खसमधलं पाणी उडणार कुठे? कूलर नुसता घरघरतो, चादर चिकट, मिठाची बरणी ओली, शेवटी पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा.

अन् पाणी आलं की असं येतं! 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिमीच्या वर पडला, अंबाझरी तलाव ओसंडला अन् नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोकांच्या घरात पाणी. थंडीचं म्हणाल तर 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 वर होता, पण थंडी आम्हाला आवडते, तिची तक्रार नाही.

यंदा जूनसाठी सेकंडहँड एसी बघून राहिलोय. घरचे म्हणतात, पंधरा दिवसांसाठी एवढा खर्च कशाला बे, सासुरवाडीला जाऊन ये.