एडिसन ते शेनंडोआ: व्हीलचेअरवरच्या ड्रायव्हरने गॅस कसा भरून घ्यावा

ऑक्टोबरच्या मध्यावर व्हर्जिनियातल्या शेनंडोआ नॅशनल पार्कच्या डोंगरात पानं रंगतात. यंदा मावशी साताऱ्याहून आली होती, तिला ते दाखवायचं होतं, म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनहून पार्कच्या तोंडाशी असलेल्या फ्रंट रॉयलपर्यंत गाडीनेच गेलो. आय-७८ या हायवेने हॅरिसबर्गच्या अलीकडे, तिथून आय-८१ धरून दक्षिणेला, शेवटी थोडं आय-६६. अंतर तीनशे मैलांच्या आसपास. माझे पाय काम करत नाहीत, गाडी मी हँड कंट्रोलवर, म्हणजे हाताने चालणाऱ्या ब्रेक-ॲक्सिलरेटरवर चालवते. तासन्‌तास गाडी चालवणं मला जमतं. अडतं ते गॅस, म्हणजे इथल्या भाषेत पेट्रोल, भरायला, आणि हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

न्यू जर्सीत राहून हा प्रश्न कधी समोर येत नाही. इथे १९४९ पासून ग्राहकाने स्वतः गॅस भरायला कायद्याने मनाई आहे. ऑरेगनने २०२३ मध्ये आपल्याकडची मनाई उठवली, तेव्हापासून असं राज्य हे एकच उरलंय. काच खाली करायची, ‘रेग्युलर, फुल’ म्हणायचं, कार्ड द्यायचं. साताऱ्याच्या पंपावर चालतं तसंच. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात शिरलो की पंपापाशी माणूसच नसतो. पहिल्याच थांब्यावर मावशी म्हणाली, “अगं, भरायला कुणी येत नाही का इथे? थांब, मी उतरते.” तिचे गुडघे दुखतात आणि पंपाची नळी तिने जन्मात हातात धरलेली नाही. मी म्हटलं, “मावशी, तू बस. माणूस बोलवता येतो.”

मी एकटीने भरायचं तर काय करावं लागतं ते सांगते. खुर्चीची सांगाड्यापासून वेगळी केलेली चाकं मागच्या सीटवर असतात, सांगाडा शेजारच्या सीटवर. सांगाडा छातीवरून ओढून बाहेर काढायचा, चाकं लावायची, दार पूर्ण उघडायचं. पण पंपाच्या काँक्रीटच्या कठड्यामुळे आणि त्यापुढच्या लोखंडी खांबामुळे दार बऱ्याचदा पूर्ण उघडतच नाही. उतरलं तरी गाडी आणि कठडा यांच्या फटीत खुर्ची तिरकी शिरते. खाली सांडलेलं तेल चाकांना लागतं, चाकांचं तळहातांना, आणि मग त्याच हातांनी हँड कंट्रोल धरायचा. थंडीत किंवा पावसात हे सगळं करून पुन्हा गाडीत बसेपर्यंत खांदे भरून येतात. ज्यांच्या हातात जोर नाही त्यांना तर नळीचा खटका दाबून धरणंच शक्य नसतं.

कायदा इथे आपल्या बाजूने आहे. १९९० च्या अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्टनुसार, म्हणजे एडीएनुसार, सेल्फ-सर्व्हिस पंपाने अपंग ग्राहकाने मागितल्यावर गॅस भरून द्यायला हवा, आणि तोही सेल्फ-सर्व्हिसच्याच दराने. मदत कशी मागवायची, हॉर्न वाजवून की आणखी कशी, ते पाटी लावून कळवायला हवं. एकच अपवाद आहे: आत एकटाच कर्मचारी काउंटरवरून पंप चालवत असेल, तर त्याच्यावर बाहेर येण्याची सक्ती नाही. यंत्राच्या बाबतीतली सूटही ठाऊक असावी. एडीएच्या मानकांप्रमाणे बटणं, कड्या वगैरे ५ पौंडांहून जास्त जोर न लावता चालायला हवीत, पण पंपाच्या नळीचा खटका या नियमातून वगळलेला आहे. यंत्र आपल्या हातांसाठी सोपं होणार नाही हे एकदा मान्य केलं की माणसाने बाहेर येणं ही आपल्यावरची मेहेरबानी राहत नाही.

पण कागदावरचा कायदा आणि पंपावरचा अनुभव यांत अंतर आहे. पेनसिल्व्हेनियात हायवेलगतच्या एका पंपावर व्हीलचेअरच्या चिन्हाचा निळा स्टिकर होता, पण त्यावरचा फोन नंबर उन्हाने इतका उडालेला की शेवटचे आकडे लागेनात. हॉर्न वाजवला. शेजारच्या पंपावरच्या माणसाने रागाने वळून पाहिलं, आतून कुणी आलं नाही. मला त्या आतल्या मुलीचा राग आला नाही. हॉर्न म्हणजे मदतीची हाक, हे तिला कुणी शिकवलेलंच नसावं, आणि काचेतून मी दिसते ती चांगली धडधाकट बाई. मॅपवरून नंबर काढून फोन केल्यावर ती धावत आली आणि अगदी मनापासून मदत केली. शिकवायचं काम मालकाचं आहे, ते त्याने केलं नव्हतं.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: गाडी पंपावर नेण्याआधी फोन करा. टाकी अर्धी उरली की मी रेस्ट एरियात थांबते आणि पुढच्या एक-दोन एक्झिटवरच्या पंपांना फोन लावते. विचारायचं एवढंच: “मी अपंग ड्रायव्हर आहे, गाडीतून उतरू शकत नाही. गॅस भरून द्यायला आत्ता तुमच्याकडे दोन माणसं आहेत का?” दोन माणसं हा शब्द मुद्दाम वापरावा, सगळा अपवाद त्यावरच आहे. हो म्हणाले की गाडीचा रंग आणि आपण किती मिनिटांत पोचतोय ते सांगायचं. अर्ध्या टाकीवर फोन केला तर नकार आला तरी पुढे जायला वाव असतो. काटा तळाला टेकल्यावर तो उरत नाही.

पंप निवडताना आत स्वयंपाकघर असलेली मोठी दुकानं बघा. वावा आणि शीट्झ या भागात भरपूर आहेत, खाणं बनवून देतात म्हणून आत सहसा एकाहून जास्त माणसं असतात. कॉस्टको या घाऊक दुकानाचं सभासद कार्ड असेल तर त्यांच्या पंपावर बहुधा एक कर्मचारी बाहेरच उभा असतो. रात्री उशिरा छोट्या गावातल्या पंपावर भरवसा ठेवू नका. मार्टिन्सबर्गच्या पुढे अंधार पडल्यावर एका पंपावर फोन केला तर मुलगा म्हणाला, “मी एकटाच आहे, काउंटर सोडता येत नाही.” कायद्याने तो बरोबर होता. आम्ही पुढे विंचेस्टरला भरला.

पैशांचं आधी ठरवून ठेवा. पंपावर क्रेडिट कार्ड लावलं की बहुतेक वेळा बिलाच्या पत्त्याचा झिप कोड (टपालाचा पिनकोड) विचारतात, तो माणसाला सांगायला हरकत नाही. डेबिट कार्डचा पिन मात्र कुणालाही सांगू नका. एक्झॉन-मोबिल आणि शेल यांच्या ॲपमधून गाडीत बसूनच पैसे भरून पंप सुरू करता येतो, मग कार्ड कुणाच्या हातात द्यावंच लागत नाही. काउंटरच्या खिडकीतून दिसेल असा पंप धरा आणि टाकीची बाजू नीट लावा. गाडी थांबल्यावर अपंगांच्या पार्किंगचं प्लॅकार्ड आरशाला अडकवा, चालवताना नको.

शेनंडोआ पार्कमधून जाणारा रस्ता, स्कायलाइन ड्राइव्ह, १०५ मैलांचा आहे, वेगमर्यादा ताशी ३५ मैल, आणि पार्कमध्ये गॅस मिळतो तो फक्त ५१ व्या मैलावर, बिग मेडोजला. तिथे कुणी भरून देईल यावर विसंबून निघू नका, फ्रंट रॉयलमध्येच टाकी भरून घ्या. कायमचं अपंगत्व असलेल्या अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना नॅशनल पार्कचा ॲक्सेस पास आयुष्यभरासाठी मिळतो, प्रवेश फी लागत नाही. ४३ व्या मैलाजवळची लिम्बरलॉस्ट ही १.३ मैलांची वाट व्हीलचेअरसाठी बांधलेली आहे, बारीक दगडाची, दाबून सपाट केलेली, मधे मधे बाकं. मावशीला बाकांमुळे ती पूर्ण करता आली आणि मला कुणी ढकलावं लागलं नाही. ओव्हरलुकही, म्हणजे रस्त्याकडेला थांबून दरी बघायच्या जागा, जवळजवळ सत्तर आहेत, बऱ्याच ठिकाणी गाडीतूनच दरी दिसते.

दोन माणसं असूनही कुणी नकार दिला किंवा जास्त दर लावला, तर आधी मॅनेजरला शांतपणे कायदा सांगा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. नाहीच झालं, तर अमेरिकेच्या न्याय खात्याची एडीए माहिती लाइन आहे, ८००-५१४-०३०१, आणि त्यांच्या वेबसाइटवर तक्रारीचा फॉर्म आहे. पंपाचा पत्ता, तारीख, वेळ, आत किती कर्मचारी दिसत होते आणि नेमकं काय उत्तर मिळालं, हे तिथेच गाडीत बसून लिहून काढा. पावती आणि स्टिकरचा फोटोही सोबत ठेवा.